फरशीच्या कडेची मोकळी जागा

सुरत शहराजवळ, हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर हे गाव आहे. तेथे हिऱ्यांच्या व दागिन्यांच्या व्यापारासाठी जेम अँड ज्वेलरी पार्क वसले आणि कारखान्यांबरोबर कचेऱ्याही सजू लागल्या. अशा कचेऱ्यांसाठी अलीकडे व्हिनाइलच्या फळ्यांची फरशी पुष्कळ ठिकाणी पसंत केली जाते. ती दिसावयास लाकडासारखी असते, पायांना मऊ लागते आणि थोड्या दिवसांत बसवून होते. या फरशीच्या एका लहानशा गोष्टीकडे आम्ही सदस्य बंधूंचे लक्ष वेधू इच्छितो.

या फळ्या एकमेकींच्या खाचांत अडकवितात. खालच्या जमिनीला त्या चिकटवीत नाहीत, खिळ्यांनी ठोकीतही नाहीत. सारी फरशी एका अखंड चटईप्रमाणे जमिनीवर नुसती टेकलेली असते. म्हणूनच तिला तरंगती फरशी म्हणतात. उष्णतेने ती पसरते आणि थंडीने आकसते. साध्या कडक पीव्हीसीची १० मीटर लांबी उष्णता एक अंश सेल्सिअसने वाढली असता अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक वाढते. तेवढ्याच लांबीचे काँक्रीट मात्र सुमारे एक दशांश मिलिमीटरच वाढते. दगडाची भुकटी मिसळलेल्या फळ्या पुष्कळ कमी पसरतात, तथापि पसरल्यावाचून राहत नाहीत.

सुरतेच्या हवेत हा हिशेब विशेष महत्त्वाचा आहे. हिवाळ्यातील पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो, तर उन्हाळ्यात तो ४० अंशांपर्यंत जातो. कचेरी चालू असता वातानुकूलन यंत्रामुळे खोली थंड राहते. सुट्टीच्या दिवशी यंत्र बंद असते आणि काचेतून येणारे ऊन फरशीला हवेपेक्षाही अधिक तापविते. अशा वेळी भिंतीला घट्ट भिडलेली फरशी जाणार कोठे? ती मध्यभागी फुगून वर उचलली जाते आणि सांध्यांच्या खाचा तुटतात. तुटलेली खाच पुन्हा जुळत नाही. फळ्याच बदलाव्या लागतात.

आगगाडीच्या रुळांचे उदाहरण आमच्या वाचकांच्या ओळखीचे आहे. पूर्वी रुळांचे तुकडे सांधपट्ट्यांनी जोडीत आणि दोन तुकड्यांमध्ये हेतुपुरस्सर फट ठेवीत. गाडीचा तो ठराविक खडखडाट त्या फटींमुळेच होई. ती फट म्हणजे कामातील हयगय नव्हती, तर उन्हाळ्यासाठी केलेली तरतूद होती.

फरशीसाठीही अशीच तरतूद करावी लागते. खोलीच्या चारही बाजूंना, खांबांभोवती, नळांभोवती आणि दाराच्या चौकटीपाशी साधारणतः ६ ते १० मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. नेमके माप कंपनीच्या सूचनापत्रातून घ्यावे. दालन फार लांब असल्यास मध्ये सांधपट्टी घालून फरशीचे भाग पाडावे लागतात. फळ्या बसविण्यापूर्वी सुमारे दोन दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात. भिंतीच्या बुडाशी लावावयाची कडपट्टी फट झाकते. पण ती भिंतीलाच ठोकावी, फरशीला कधीही नव्हे. सिमेंट किंवा प्लास्टर भरून ही जागा बुजविली, तर ती न सोडल्यासारखेच होते.

आमच्या व्यवसायात आणखी एक धोका आहे, तो तिजोरीचा. अवजड तिजोरी किंवा जमिनीला जखडलेला गल्ला या फरशीवर ठेवला की तेथे ती दाबली जाते. मग कडेला जागा असूनही तिला हलता येत नाही. उन्हाळ्यात ती फुगते आणि हिवाळ्यात सांधे उघडे पडतात. म्हणून तिजोरी मूळच्या पक्क्या जमिनीवर ठेवावी आणि तिच्याभोवती तेवढीच फट सोडून फरशी घालावी.

काम पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. कडपट्टी लागण्यापूर्वी साधी शिसपेन्सिल घ्यावी. तिची जाडी सुमारे ७ मिलिमीटर असते. ती भिंतीच्या कडेने फिरवावी. जेथे ती फटीत उतरत नाही, तेथील फळी त्याच वेळी कापून घ्यावी. सूचनापत्रात याहून मोठे माप दिले असल्यास त्या मापाची लाकडी पाचर वापरावी.

पुष्कळदा असे घडते की मालक ही फट पाहून नाराज होतो, काम अर्धवट समजून कारागिराला ती बुजवावयास लावतो, किंवा त्याच्या मजुरीतून पैसे कापतो. पुढे वैशाखात फरशी उचलली की दोषही त्याच गरिबाच्या माथी येतो. आणि फट न सोडल्यामुळे कंपनीही हमी नाकारू शकते. जो कारागीर न सांगता ही जागा सोडतो, तो आपले काम जाणतो. त्याची मजुरी पूर्ण द्यावी, आणि दुसऱ्या दालनाचे कामही त्यालाच सांगावे, अशी आमची सदस्य बंधूंना विनंती आहे.