मेनफ्रेमचा निरोप ईमेलपर्यंत कसा पोचतो?

अंधेरीत बसलोय, तर सुरुवात इथूनच करू. १९७३ साली इथे सीप्झ सुरू झालं. पुढे तिथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत कितीतरी जणांनी मेनफ्रेमवर हात बसवला. १९८७च्या सुमारास शेजारच्या जुहूतल्या एनसीएसटीनं टेलिफोन लाइनवरून पवईच्या आयआयटीशी ईमेल सुरू केली.

आता या दोन जगांची गाठ घालायची. अडतं कुठे? लिपीत! आयबीएमचा मेनफ्रेम अक्षरं एबसिडिक संकेतात साठवतो, इंटरनेटची मेल आस्कीवर उभी आहे. पत्त्यातलं ‘अ‍ॅट’ चिन्ह घ्या. एबसिडिकच्या नेहमीच्या संचात त्याचा क्रमांक १२४, आस्कीत ६४. आणि आस्कीत १२४ म्हणजे काय, तर उभी रेघ. न बदलता पाठवलात, तर पत्ता पत्ताच राहत नाही.

म्हणून काय करतात? रात्रीचा बॅच जॉब निरोप स्पूलमध्ये टाकतो, प्रिंटरला द्यावा तसाच. मेलचा प्रोग्राम तो उचलतो, अक्षरं बदलतो आणि एसएमटीपीनं मेल सर्व्हरकडे देतो. हल्लीचे सर्व्हर एन्क्रिप्शन आणि ओळख मागतात. जुन्या यंत्राला ते जमत नसेल, तर मध्ये आपलाच एक रिले सर्व्हर ठेवायचा.

एवढा खटाटोप कशाला? समजा, बँकेचा जॉब रात्री दोनला अडकला. निरोप वेळेत पोचला, तर कुणीतरी उठून दुरुस्त करतो. नाही पोचला, तर सकाळी काउंटरवर कालचेच आकडे!