साठा किती आणि आवक किती? विजेते संघ पुन्हा कसे उभे राहतात

पीएच.डी.चा विषय सांगितला की पैठणमध्ये हमखास एक प्रश्न येतो, ‘क्रिकेटवर पण पीएच.डी. होते का?’ होते. माझा प्रश्न साधा आहे. एखादा संघ वर्षानुवर्षं जिंकतो, मग त्याचा काळ संपतो. त्यानंतर काही संघ आठ-दहा वर्षांत परत वर येतात, तर काही ऐंशी वर्षांतही येत नाहीत. असं का होतं?

उत्तरासाठी आपल्या नाथसागराकडे चला.

धरणाचे दोन आकडे

पावसाळ्यात आपण रोज दोन आकडे बघतो. धरण किती टक्के भरलं आणि वरून आवक किती क्युसेक आहे. पहिला आकडा साठ्याचा, दुसरा प्रवाहाचा. हे दोन्ही एकत्र हलत नाहीत, ही खरी गंमत. धरण शंभर टक्के असतं त्या दिवशी आवक जवळपास थांबलेली असू शकते. पण त्या दिवशी काळजी कुणालाच वाटत नाही, कारण पाणी डोळ्यांसमोर असतं.

संघाचंही तसंच असतं. विजेतेपद म्हणजे साठा. तो पाच-दहा वर्षांपूर्वी आत आलेल्या खेळाडूंमुळे भरलेला असतो. आवक म्हणजे आज खालून येणारी पोरं. चषक हातात असताना आवक आटली तरी निकालात ते लगेच दिसत नाही. दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मुंबईची १५ वर्षं

१९५८-५९ ते १९७२-७३, सलग १५ वेळा मुंबईने रणजी करंडक जिंकला. आपण याला ‘एका संघाचं वर्चस्व’ म्हणतो. पण १५ वर्षं एकच संघ टिकतो का? सुरुवात पॉली उमरीगर, रामचंद यांच्या पिढीची होती. पुढे सरदेसाई, वाडेकर आले. शेवटच्या टप्प्यात गावसकर आणि एकनाथ सोलकर. म्हणजे त्या १५ वर्षांत संघाची पुनर्बांधणी एकदा नाही, अनेकदा झाली. जिंकणं चालूच असल्यामुळे ती आपल्या लक्षात आली नाही, इतकंच.

याचा सगळ्यात चांगला पुरावा १९७०-७१ चा. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मंकड हे सगळे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजमध्ये होते. उरलेल्या मुंबईचं नेतृत्व सुधीर नाईककडे आलं. तरी अंतिम सामना मुंबईनेच जिंकला. समोर कोण होतं? महाराष्ट्र! म्हणजे आपलाच संघ.

ही आवक येत होती कुठून? हॅरिस शील्डसारख्या शालेय स्पर्धा, १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग, खेळाडूंना नोकरी देणाऱ्या कंपन्यांची टाइम्स शील्ड. सोलकर हा हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले, तरी भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध त्यांनी १३ बळी घेतले. एवढा मोठा गोलंदाज वर्षानुवर्षं घरच्याच संघाला मिळत राहिला. भारतासाठी ती खंत असेल, मुंबईसाठी तो साठा होता.

प्रत्येक हार म्हणजे घसरण नाही

इथे एक सावधगिरी. संख्याशास्त्रात ‘सरासरीकडे परतणं’ अशी कल्पना आहे. फार वर जाण्यात गुणवत्तेबरोबर थोडं नशीबही असतं, आणि नशीब दरवर्षी साथ देत नाही. १९९०-९१ चा अंतिम सामना मुंबई हरयाणाकडून फक्त दोन धावांनी हरली. त्या दोन धावा मिळाल्या असत्या तर मुंबईच्या मैदानांवर काय बदललं असतं? काहीच नाही. म्हणून एका निकालावरून ‘संघ संपला’ म्हणू नये. मुंबई १९९३-९४ आणि १९९४-९५ मध्ये परत विजेती झाली.

विसर्ग: शेजारी कसे भरतात

धरणातून पाणी बाहेरही जातं. २०१५-१६ मध्ये मुंबई ४१व्यांदा विजेती झाली तेव्हा प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. पुढच्या वर्षी मुंबई अंतिम सामना गुजरातकडून हरली आणि पंडित विदर्भाकडे गेले. वसीम जाफर त्याआधीच तिकडे होता. २०१७-१८ आणि २०१८-१९, सलग दोनदा विदर्भ विजेता! २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेशने अंतिम सामन्यात मुंबईला हरवलं, तेव्हा त्यांचे प्रशिक्षकही पंडितच.

आता कुणी म्हणेल, विदर्भाने माणसं बाहेरून आणली, यात काय विशेष? मराठवाड्यातल्या माणसाला हे समजवायला नको. टँकर वाईट नसतो. पण टँकर येतोय म्हणून पाइपलाइनचं काम थांबवलं, तर दरवर्षी टँकरच लागतो. विदर्भाने काम थांबवलं नाही. जाफर गेला, कर्णधार फैज फजल २०२४ मध्ये निवृत्त झाला, आणि २०२४-२५ मध्ये विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला. त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, हा एका रणजी मोसमातला विक्रम. यश राठोडच्या धावा ९६०. बाहेरून आलेला करुण नायरही होताच. आणि कर्णधार? अक्षय वाडकर, ज्याने २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात शतक ठोकलं होतं. जुन्या यशातला एक माणूस नव्या संघात उभा होता.

मुंबईचं पुनरागमनही असंच. २०२३-२४ मध्ये आठ वर्षांनी ४२वं विजेतेपद आलं. अंतिम सामन्यात १९ वर्षांच्या मुशीर खानचं शतक, आणि शेवटचा बळी घेतला धवल कुलकर्णीने, कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यात. येणारा आणि जाणारा एकाच सामन्यात खेळत होते. अभ्यासात याला मी ‘पिढ्यांची सांधेजोड’ म्हणतो.

ऑस्ट्रेलियात नियमच वेगळे

तुलनेसाठी मी ऑस्ट्रेलियन फुटबॉल घेतो. लंबगोल मैदान, एका बाजूला १८ खेळाडू. तिथे खेळाडूंच्या पगारावर एकूण मर्यादा असते, आणि नव्या मुलांच्या निवडीत तळाच्या क्लबला साधारणपणे पहिली संधी मिळते. विजेत्याचा नंबर शेवटी. म्हणजे आवक नियमानेच वाटून दिलेली, समन्यायी पाणीवाटपासारखी!

तरीही क्लब सारखे वागत नाहीत. ब्रिस्बेनने २००१ ते २००३ सलग तीन विजेतेपदं मिळवली, २०१७ मध्ये थेट तळ गाठला, आणि २०२४ मध्ये परत जिंकले. जीलाँग २००७, २००९, २०११ ला जिंकले, तळाला कधी गेलेच नाहीत, आणि २०२२ मध्ये पुन्हा विजेते झाले. त्यांचा कर्णधार जोएल सेलवूड या चारही विजयांत खेळला. पुन्हा तीच सांधेजोड. तळाला जाऊन वर येता येतं, पण त्यात दोन दशकं जाऊ शकतात.

आणि आपला महाराष्ट्र?

आपला जिल्हा क्रिकेटमध्ये मुंबईत नाही, महाराष्ट्र संघटनेत येतो. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१, सलग दोनदा रणजी जिंकली. त्यानंतर एकदाही नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम सामना गाठला, तिन्ही वेळा हार. २०१३-१४ मध्ये केदार जाधवने १२२३ धावा केल्या होत्या, तरीही!

इथे विसर्ग मोठा होता. विजय हजारे बडोद्याला गेले आणि १९४२-४३ मध्ये बडोदा विजेता झाला. बापू नाडकर्णी मुंबईकडे गेले. चंदू बोर्डे बडोद्याहून महाराष्ट्राकडे आले, पण एकट्याने धरण भरत नाही.

माझ्या मते मुद्दा गुणवत्तेचा नाही, पाणलोट क्षेत्राचा आहे. मुंबईचा मुलगा लोकलने सामन्याला जातो. आपल्याकडच्या मुलाला पुण्याला राहायला जावं लागतं. तरी अंकित बावणे पैठणमध्ये जन्मलेला, आणि २००७-०८ पासून महाराष्ट्राकडून रणजी खेळलेला. राजवर्धन हंगरगेकर तुळजापूरचा, सचिन धस बीडचा. दोघंही १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळले. पाऊस पडतोय. प्रश्न तो अडवायचा कुठे, हा आहे. तालुक्यातल्या १४ वर्षांच्या मुलाला वर्षात किती खरे सामने मिळतात, हे मला करंडकाच्या निकालापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

तुम्हीही एक गोष्ट करून बघा. पुढचा रणजी संघ जाहीर झाला की यादी घ्या. २३ वर्षांखालचे किती, ३२ च्या वरचे किती, आणि त्यातले किती जण एकत्र अंतिम अकरात खेळतात, ते मोजा. तरुण नसतील तर आवक थांबली. जाणते नसतील तर सांधा तुटला. दोन्ही असतील तर यंदा हरलो तरी हरकत नाही, धरण भरतंय.

मोजलेले आकडे मला खाली लिहून कळवा. पुढच्या लेखात आपण तेच घेऊन बसू.