पाकिटाचा पत्ता

हरवलेली वस्तू शोधण्याचे आपल्याकडचे जुने उपाय तीन. गावात दवंडी पिटवायची, जोशीबुवांना पंचांग उघडावयास सांगायचे, आणि दोन्हींकडून काही हाती लागले नाही तर देवाला नारळ बोलायचा. या तिहींत दवंडीचा मार्ग सर्वांत व्यवहार्य. कारण मालकाच्या दोन डोळ्यांऐवजी साऱ्या गावाचे डोळे त्या वस्तूच्या शोधाला लागत. आज आम्ही ज्या उपकरणाविषयी बोलणार आहोत, ते या दवंडीचेच नवे रूप आहे. आकाराने बँकेच्या कार्डाएवढे, जाडीने दोन-तीन कार्डे एकावर एक ठेवावीत इतके, आणि पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारे हे उपकरण पाकिटात ठेवले म्हणजे पाकीट कोठे आहे ते मोबाइलच्या पडद्यावर दिसू शकते. बाजारात त्यास ‘ट्रॅकर कार्ड’ किंवा नुसते ‘टॅग’ म्हणतात. आम्हीही टॅगच म्हणू.

पाकीट हरवले म्हणजे आतले चार पैसे गेले, एवढ्यावर आता भागत नाही. आधार, पॅन, गाडी चालविण्याचा परवाना, बँकेची दोन-तीन कार्डे, एखादा जुना फोटो, असा अर्धा संसार त्यात असतो. पैसे पुन्हा मिळविता येतात. कागदांसाठी मात्र कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. तेव्हा अशा साधनाकडे माणसाचे मन ओढ घेणार हे उघडच आहे. परंतु ते विकत घेण्यापूर्वी ते काम कसे करते हे समजून घेतले पाहिजे. त्याचे बळ आणि त्याचा धोका ही दोन्ही त्याच्या कामाच्या पद्धतीतूनच निघतात.

पुष्कळांचा समज असा की, टॅग थेट उपग्रहाशी संधान बांधतो आणि आपला ठावठिकाणा स्वतःच कळवतो. वस्तुस्थिती अशी की, टॅगला स्वतःचा पत्ता मुळीच ठाऊक नसतो. ठिकाण ठरविण्यास मदत करणारे जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचे क्षीण संदेश टिपायचे, त्यांवरून गणित मांडायचे, आणि आलेले उत्तर मोबाइलच्या जाळ्यातून मालकाला धाडायचे, या साऱ्यास बरीच वीज लागते. पातळ कार्डात मावणाऱ्या बॅटरीला हा भार फार काळ पेलणारा नाही. म्हणून टॅगवर एकच सोपे काम सोपविलेले असते. दर काही सेकंदांनी जागे व्हायचे, क्षणमात्र एक आकडा पुकारायचा, आणि पुन्हा झोपी जायचे.

हा पुकारा ब्लूटूथ नावाच्या बिनतारी पद्धतीने होतो. दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्लूटूथ या राजाचे नाव तिला मिळालेले आहे. अत्यंत कमी विजेवर चालणारी तिची आवृत्ती २०१० साली आली आणि त्यामुळेच टॅगसारखी उपकरणे शक्य झाली. घरात हा पुकारा साधारण दहा मीटरपर्यंत खात्रीने पोहोचतो. उघड्या मैदानात त्याहून पुष्कळ लांब. म्हणजे पाकीट घरातच गादीखाली सरकले असेल, तर आपला स्वतःचा मोबाइल ते ऐकतो आणि टॅगला शिटी वाजवावयास सांगतो. पण पाकीट दादर स्टेशनच्या बाकावर राहिले आणि मालक कल्याणला पोहोचला, तर काय?

येथे दवंडीचे तत्त्व कामास येते. बाकाजवळून जाणाऱ्या एखाद्या अनोळखी उतारूच्या खिशातील मोबाइल तो आकडा ऐकतो. टॅगला आपला पत्ता ठाऊक नसला तरी त्या मोबाइलला स्वतःचा ठाऊक असतो. तो आकडा आणि आपले ठिकाण यांची जोडी करून मोबाइल ती कंपनीच्या संगणकाकडे पाठवितो. खिशात हे चालले आहे याची त्या उतारूस दादही नसते. कल्याणच्या मालकाने फोन उघडला की नकाशावर दादर दिसते. जेथे माणसांची वर्दळ, तेथे बातमी मिनिटांत लागते. घाटातल्या एकाकी पायवाटेवर पाकीट पडले तर एखादा वाटसरू फोन घेऊन जवळून जाईपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून नकाशावरील ठिपक्यापेक्षा त्याखालील वेळ आधी वाचावी. तासापूर्वीचा ठिपका हा तासापूर्वीचा पत्ता असतो.

या पद्धतीचा इतिहास मोठा नाही. २०१२ साली स्थापन झालेल्या ‘टाइल’ या अमेरिकन कंपनीने असे टॅग लोकप्रिय केले. परंतु ज्यांनी तिचा प्रोग्राम आपल्या फोनवर घेतला, त्यांचेच फोन पुकारा ऐकत. दवंडी होती, पण ऐकणारे थोडे. ॲपलने २०१९ साली आपल्या कोट्यवधी उपकरणांचे असे जाळे जाहीर केले, आणि २०२१ च्या एप्रिलात ते इतर कंपन्यांच्या टॅगांनाही खुले करून स्वतःचा ‘एअरटॅग’ बाजारात आणला. अँड्रॉइड फोनांचे तसेच जाळे गुगलने २०२४ च्या एप्रिलात सुरू केले. टॅग घेताना तो आपल्या फोनच्या जाळ्यात चालतो की नाही हे प्रथम पाहावे. आपल्याकडे बहुतेकांच्या हाती अँड्रॉइड फोन असल्याने ही चौकशी विशेष अगत्याची.

येथे चाणाक्ष श्रोता विचारील, ‘माझ्या पाकिटाचा पत्ता परक्याच्या फोनमधून जातो, तर तो परका अथवा ती कंपनी तो वाचीत नसेल कशावरून?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देवळातील दानपेटीच्या दृष्टांताने समजेल. दानपेटीत पैसा टाकण्यास कोणासही मज्जाव नसतो; पण तो बाहेर काढावयाचा तर किल्ली लागते, आणि ती एकाकडेच असते. टॅग जो आकडा पुकारतो तो अशा पेटीच्या फटीसारखा आहे. परक्याचा फोन त्या आकड्याच्या साहाय्याने ठिकाण गुप्त लिपीत बंद करतो. ती लिपी उलगडणारी किल्ली फक्त मालकाच्या उपकरणांत असते. शिवाय हा आकडा ठराविक काळाने बदलतो, म्हणजे एकाच आकड्याच्या मागावर कोणी फार काळ राहू नये. हे सर्व कंपनीच्या शब्दावरच मानावे लागते असेही नाही. जर्मनीतील डार्मश्टाट येथील तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली ॲपलची रचना उलगडून प्रसिद्ध केली. तिचे गुप्ततेचे हेतू एकंदरीत साधतात असे त्यांस आढळले. परंतु दोन उणिवाही त्यांनी दाखवून दिल्या.

आता पातळपणाविषयी. एअरटॅगची जाडी ८ मिलीमीटर असते, कारण त्याच्या पोटात ३.२ मिलीमीटर जाडीची नाण्यासारखी बॅटरी असते. बँकेचे कार्ड मात्र ०.७६ मिलीमीटरचे. पाकिटात एअरटॅग ठेवला तर पाकिटाला पोट सुटते. म्हणून कार्डाच्या आकाराच्या टॅगात पापडासारखी चपटी लिथियम बॅटरी बसवितात. ती घरी बदलता येत नाही. पहिल्या पिढीतील पुष्कळ कार्डे त्यामुळे बॅटरी संपली की समूळ फेकावी लागत. चार्ज होणाऱ्या कार्डांनी ही नासाडी थांबविली. त्यांपैकी बऱ्याच कार्डांत तांब्याच्या तारेचे चपटे वेटोळे असते. मोबाइल ज्या बिनतारी चार्जरवर ठेवतात, त्यावरच कार्ड ठेवले की चार्जरमधील बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखविलेले तत्त्व ते हेच. एकदा चार्ज केलेले असे कार्ड साधारणतः काही महिने चालते. चार्ज करताना ते पाकिटातून बाहेर काढावे. संपूर्ण पाकीट चार्जरवर ठेवल्यास बँकेच्या कार्डांतील चुंबकपट्टी किंवा चिप बिघडण्याचा संभव असतो. तसेच मागच्या खिशात ठेवून त्यावर बसू नये, आणि वैशाखाच्या उन्हात तापलेल्या मोटारीत ते विसरू नये. लिथियमच्या बॅटरीला वाकणे आणि तापणे दोन्ही मानवत नाहीत.

येथवर आम्ही टॅगचे गुण सांगितले. आता त्याची दुसरी बाजू. जो टॅग आपल्या पाकिटात ठेवता येतो, तो दुसऱ्याच्या पिशवीतही गुपचूप सरकविता येतो. मग सारे गाव नकळत त्या माणसाचा माग काढू लागते. हे भय कल्पनेतले नाही. एअरटॅग बाजारात आल्यानंतर स्त्रियांच्या पर्समध्ये, मोटारींच्या आडोशाला लपविलेले टॅग सापडल्याच्या तक्रारी परदेशांत पोलिसांकडे गेल्या. त्यावर उपाय म्हणून ॲपल व गुगल यांनी २०२३ च्या मे महिन्यात एका समान नियमावलीचा मसुदा मांडला आणि २०२४ च्या मे महिन्यात दोन्ही प्रकारच्या फोनांवर ती सोय आणली. एखादा परका टॅग आपल्याबरोबर फिरत असल्याचे लक्षात आल्यास फोन आता आपणास सावध करतो. अशी सूचना आली तर ती टाळू नये; टॅग शोधावा, जपून ठेवावा आणि पोलिसांकडे जावे. स्त्रीचा पाठलाग करणे हा आपल्याकडे २०१३ सालापासून स्वतंत्र गुन्हा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली येतो.

परंतु याच सूचनेमुळे एक पेच उत्पन्न होतो. पाकीट मारणाऱ्याच्या खिशातही फोन असतो, आणि तोही त्यास सांगतो की, तुझ्याबरोबर कोणाचा तरी टॅग फिरत आहे. चोर टॅग काढून गटारात टाकतो आणि मोकळा होतो. काहींना हा दोष वाटतो. आमच्या मते हा तोटा सोसलाच पाहिजे. फोनला चोर कोण आणि पाठलागाला बळी पडलेली मुलगी कोण, हे ओळखता येत नाही. दोघांनाही सावध करणे किंवा दोघांनाही अंधारात ठेवणे, एवढेच त्याच्या हाती आहे. पाकीट गेले तर कागद पुन्हा काढता येतात. माणसाच्या निर्भयपणाची दुसरी प्रत निघत नाही. म्हणून टॅगला चोरावरचा पहारेकरी समजू नये. तो विसराळूपणावरचा उपाय आहे. पाकीट चोरीला गेल्याचा संशय येताच आधी बँकेला कळवून कार्डे बंद करावीत, आणि नकाशावरील ठिपक्याच्या मागे एकट्याने न जाता पोलिसांस बरोबर घ्यावे.

मग हरवलेले पाकीट सापडले, तरी परत मिळेल काय? याविषयी एक उद्बोधक प्रयोग २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संशोधकांनी भारतासह ४० देशांतील ३५५ शहरांत १७,३०३ ‘हरवलेली’ पाकिटे बँका, नाट्यगृहे, टपालकचेऱ्या अशा ठिकाणच्या माणसांच्या स्वाधीन केली. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्क्यांच्या बाबतीत मालकाशी संपर्क साधण्यात आला; पैसे असलेल्या पाकिटांच्या बाबतीत ५१ टक्के. लोभ वाढेल तसा प्रामाणिकपणा घटेल, हा आपला सर्वांचा अंदाज तेथे खोटा ठरला. यातून व्यवहाराचा एक धडा घ्यावा. पाकिटात टॅगबरोबर आपला दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठीही ठेवावी. टॅग मालकाला पाकिटापर्यंत नेतो. चिठ्ठीमुळे सज्जन माणूस मालकापर्यंत पोहोचू शकतो.

आणखी एक गोष्ट. हे जाळे परक्यांच्या फोनांवर उभे आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या दृष्टीने परके असलेले आपणही त्यात येतो. आपल्या फोनमधील ती सोय चालू असेल, तर दादरच्या बाकावरचे कोणाचे तरी पाकीट आपल्यामुळे सापडते. ते पाकीट कोणाचे, हे आपणास कधी कळत नाही, आणि आभार मानावयासही कोणी येत नाही. ती सोय चालू ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.