विजेची मोटार आणि व्यापाऱ्याचा हिशोब

आपल्या व्यापारी बंधूंत हल्ली विजेच्या मोटारीची चर्चा फार होते. कोणी तिला उद्याचे वाहन म्हणतात, कोणी श्रीमंतांचे खेळणे. आपणांस तागडी हाती घेऊन बोलण्याची सवय. तेव्हा हिशोबच मांडलेला बरा.

जानेवारी 2020 मध्ये टाटांची विजेवरील नेक्सॉन आली, तिचा जाहीर पल्ला 312 किलोमीटरांचा होता. जाहीर पल्ला हा वानगीच्या धान्यासारखा समजावा. पोत्यातला माल निराळा निघतो. उन्हाळ्यात, गर्दीतून जाताना तो दोनशेच्या आसपास धरणे बरे.

हिमायतनगराहून बेगम बाजार, वसुलीच्या फेऱ्या धरून, दिवसाचे वीस किलोमीटर. वर्षाचे सहा हजार. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या मोटारीस चारशे लिटर पेट्रोल लागेल. 2024 सालच्या 107 रुपये दराने ते 42,800 रुपये होतात. विजेच्या मोटारीस शंभर किलोमीटरला, घट धरून, सतरा युनिटे लागतात असे मानू. युनिटला दहा रुपये धरले तरी खर्च 10,200. वर्षाची बचत 32,600! परंतु खरेदीतील फरक चार लाखांचा असेल, तर तो फिटण्यास बारा वर्षे लागतील. आणि बॅटरीची हमी बहुधा आठच वर्षांची.

पारडे फिरते ते सवलतीमुळे. तेलंगण सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये अशा वाहनांचा रस्ताकर व नोंदणी शुल्क 31 डिसेंबर 2026 पर्यंत माफ केले. 2022 च्या दरानुसार बारा लाखांच्या पेट्रोल मोटारीवर शेकडा सतरा, म्हणजे 2,04,000 रुपये कर पडे. तो वजा जाता उरलेला फरक सहा वर्षांत फिटतो. मात्र गाडी रोज फिरली पाहिजे. दारात उभी राहणारी गाडी काही मिळवीत नाही.

खरा अडसर घराचा आहे. आमच्या भागात सदनिका झाल्या. मोटार एका खांबाआड, मीटर दुसऱ्या टोकाला. केंद्र सरकारच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्याच जोडणीवर बॅटरी भरता येते. पण शेजाऱ्यांची समजूत कोण घालणार? आमच्या इमारतीत दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत, ही वीज सामाईक बिलात तर येणार नाही ना, एवढ्यावरच वाद चालला! शिवाय जुनी तार रात्रभर एवढा भार सोसेल की नाही, हे जाणत्या कारागिराकडून तपासून घेणे आवश्यकच.

कुलपाकजीला जाऊन येऊन सुमारे 160 किलोमीटर. एका भरणीत जमेल, पण हात राखून. नांदेडच्या लग्नकार्यास जाताना वाटेत थांबावेच लागेल, आणि तेथील यंत्र मोकळे मिळेल याची खात्री नाही. म्हणून आमच्या घरी असे ठरले आहे की, दुकानासाठी विजेची मोटार घ्यावी, बाहेरगावाकरिता जुनी डिझेलची ठेवावी, आणि मीटरपासून स्वतंत्र तार आल्याखेरीज बयाणा देऊ नये.