तोल पुन्हा शिकताना

पक्षाघातानंतर माणूस उभा राहिला की घरच्यांना हायसं वाटतं. पण पडण्याची भीती खरी तिथूनच सुरू होते. तोल सांभाळायला मेंदूला तिहेरी खबर लागते. डोळ्यांची, आतल्या कानाची आणि तळपाय-सांध्यांतल्या जाणिवेची. झटक्याने यातली एखादी वाट तुटली की भार नकळत चांगल्या पायावर जातो. काही रुग्ण मात्र उलट करतात, चांगल्या हाताने स्वतःलाच लुळ्या बाजूला ढकलतात. त्यांना कललेलं बसणंच सरळ वाटतं. हा हट्ट नव्हे, कृपा करून रागावू नका. समोरच्या दाराची उभी चौकट दाखवा, तिच्याशी अंग जुळवायला सांगा.

सरावात मोलाचं काम अगदी साधं आहे. दोन्ही पावलांवर सारखा भार देत खुर्चीतून उठायचं, सावकाश बसायचं, पुन्हा उठायचं. जवळ कुणीतरी हवंच. चवडा उचलत नसेल तर सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. मोरीत भिंतीला पक्का दांडा बसवा. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. आधार देणाऱ्याने दुबळ्या बाजूला उभं राहावं, आणि त्या बाजूचा हात धरून ओढू नये. सैल पडलेला खांदा त्याने दुखावतो.