पाटीचा भाव कसा काढायचा?

आम्ही मानखुर्दच्या सहा जणी. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, सोसायट्यांच्या पाट्या बनवतो. गावाकडच्या गटांचा प्रश्न वरचेवर येतो, की पापड-मसाल्याच्या पलीकडे आम्ही काय करावं? पाट्या करा, असं आम्ही सांगू. मात्र या धंद्यात पैसा कुठे मिळतो आणि कुठे गळतो, ते आधी नीट ऐका.

गिऱ्हाईक आहे का, ही पहिली शंका. महाराष्ट्रात त्याला कायद्याचाच टेकू आहे. दुकाने व आस्थापनांचा कायदा २०१७ चा. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही मराठी, देवनागरी पाटी सक्तीची झाली. दुसऱ्या लिपीत नाव लिहायला हरकत नाही, पण मराठी अक्षर त्याहून लहान चालत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. ती संपल्यावर मुंबईत महापालिकेची पथकं दुकानं तपासायला निघाली. त्या घाईत कितीतरी जणांनी जुन्या पाटीवर फ्लेक्सचा तुकडा डकवून वेळ मारून नेली. आज ते तुकडे फिके पडलेत, कडा सुटल्यात. असा दुकानदार दिसला की आपण आत जाऊन विचारायचं.

आता माल. फ्लेक्स स्वस्त आणि झटपट, पण ऊन-पावसात दीड-दोन वर्षांत उतरतो, त्यातही लाल-गुलाबी रंग आधी जातो. शिवाय १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा छापणाऱ्याला जाडी विचारून घ्या. सनबोर्ड दुकानाच्या आत छान दिसतो, बाहेर उन्हात वाकतो. एसीपी शीटवर अॅक्रिलिकची अक्षरं दिसायला झकास, पण भांडवल जास्त लागतं आणि कापायला यंत्र लागतं. नव्या गटाने जीआयचा पत्रा, लोखंडी अँगलची चौकट आणि हाताने रंगवलेली अक्षरं इथूनच सुरुवात करावी, असं आमचं मत आहे. फ्लेक्सचं मशीन घ्यायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. तालुक्याला मशीन असतंच, लागेल तेव्हा छापून आणायचं.

नवा जीआय पत्रा चकचकीत असतो आणि तिथेच घात होतो. त्यावर थेट ऑइलपेंट मारला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पापुद्रे सुटतात. आधी पॉलिशपेपरने घासा, थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसा, जीआयवर बसणारा प्रायमर दुकानदाराकडे नाव घेऊन मागा, आणि मगच रंगाचे दोन हात द्या. अँगलला रेड ऑक्साइड पुरतो. अँगल आम्ही मंडाळ्याच्या भंगार गोदामांतून किलोवर आणतो. तुमच्या तालुक्यातही भंगारवाला असेलच. वजन समोर करून घ्या आणि गंज नुसता वरवर आहे की आत पोखरलंय, ते हातोडी मारून बघा. जुनं प्लायवुड मात्र बाहेरच्या पाटीला नको. पहिल्या सरीत फुगतं.

शीट बाजारात ८ × ४ फुटांची येते, हे डोक्यात पक्कं ठेवा. ४ × २ च्या पाट्या केल्या तर एका शीटमधून चार निघतात, काही वाया जात नाही. गिऱ्हाइकाला ५ × ३ ची हवी असेल तर एकच निघते. पाटी १५ चौरस फुटांची, आपण पैसे मोजले ३२ चौरस फुटांचे. अशा वेळी त्याला ४ × ३ किंवा ४ × ४ सुचवायची. ऐकत नसेल तर अख्ख्या शीटचे पैसे लावायचे.

भाव काढताना बायका कुठे मार खातात, ठाऊक आहे? मजुरीत. पत्र्याची पावती असते, रंगाची असते, आपल्या दिवसाची पावती कुणी देत नाही, म्हणून तो हिशोबात येत नाही. समजा ४ × २ ची पाटी आहे. पत्रा नि चौकट ९००, रंग-प्रायमर २५०, खिळे-स्क्रू ५०, भाडं १५०. झाले १,३५०. दोघी जणी दीड-दीड दिवस राबल्या, म्हणजे तीन दिवस. रोज ५०० धरला तर १,५००. एकूण २,८५०. ब्रश झिजतात, ड्रिल बिघडतं, फोन करावे लागतात, त्यासाठी दहा टक्के, म्हणजे २८५. झाले ३,१३५. त्यावर पंधरा टक्के गटाचा नफा. म्हणजे ३,६०० च्या आसपास. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण यातली एकही ओळ गाळू नका. माप घ्यायला गेलेला अर्धा दिवससुद्धा कामाचाच.

हाच भाव चौरस फुटाला ४५० पडतो. म्हणून २ × १ ची छोटी पाटी ९०० ला देऊन टाकायची का? नाही. माप घ्यायला जाणं तेवढंच, लावायला जाणं तेवढंच. दीड दिवसाची मजुरी ७५० आणि ४०० चा माल धरला, वर टक्के लावले, तर खर्च साधारण १,४५० वर जातो. तेव्हा गटाचा एक कमीत कमी भाव ठरवा आणि त्याखाली उतरू नका. “फ्लेक्सवाला ८०० त देतो,” असं गिऱ्हाईक म्हणेलच. त्याला वर्षांचा हिशोब सांगा. तरीही पटलं नाही तर हसून फ्लेक्सच छापून द्या, आपल्या नफ्यासकट.

अक्षरांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथे मराठी येणाऱ्या बाईला खरा फायदा आहे. साधारण दहा फुटांमागे एक इंच उंचीचं अक्षर, असा अंदाज ठेवा. तीस फुटांवरच्या रस्त्यावरून वाचायची पाटी असेल तर तीन इंच. ही उंची शिरोरेषेपासून खाली मोजायची. वेलांटी, रफार, मात्रा वर जातात आणि उकार खाली उतरतात. त्यांच्यासाठी वर-खाली जागा सोडली नाही तर ‘गुरुकृपा’चे उकार चौकटीत घुसतात. छापून घेताना आणखी एक पंचाईत होते. आपल्या संगणकावरचा फाँट दुसऱ्याकडे नसला की जोडाक्षरं फुटतात. फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये बदलून द्यायला सांगा. आणि ब्रश उचलण्याआधी पूर्ण मजकूर कागदावर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या, फोन नंबरच्या दहाही आकड्यांसह. ‘दुध’ लिहू की ‘दूध’, असं त्याला विचारत बसू नका. बरोबर शब्द तुम्हीच लिहून दाखवा.

पाटी लावणं हे वेगळं काम समजा. घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर १३ मे २०२४ रोजी महाकाय होर्डिंग कोसळलं आणि १७ जीव गेले. आमच्या भागापासून ते फार लांब नाही. आपल्या पाट्या त्यापुढे चिमुकल्या, पण वारा पत्र्याला शिडासारखा धरतो. पोकळ विटेत किंवा नुसत्या प्लास्टरमध्ये स्क्रू मारायचा नाही. पहिल्या मजल्याच्या वरचं काम आम्ही घेतच नाही. दिवे लावायचे असतील तर जोडणी वायरमनकडून, आणि त्याची मजुरी बिलात वेगळी.

पैसे अर्धे ऑर्डरला, अर्धे पाटी लावायला निघण्याआधी. ओळखीचा असला तरी हेच.

गावात दुकानं थोडी असतात, पण दूध संकलन केंद्र, पिठाची गिरणी, रोपवाटिका, कृषी पर्यटन, शाळा ही सगळी गिऱ्हाइकं आहेत. ग्रामपंचायत तर मोठीच. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, याचा फलक कार्यालयात लावावा लागतो. रोजगार हमीच्या कामांवरही माहिती फलक लागतो. केरळात कुटुंबश्रीच्या महिला गटांनी असे फलक बनवण्याचं काम घेतलेलं आहे. सरकारी पैसे उशिरा येतात, म्हणून लेखी कार्यादेशाशिवाय माल आणू नका. बिल गटाच्या नावाने आणि गटाच्याच खात्यावर घ्या. ग्रामपंचायतीला दरपत्रक जानेवारीतच देऊन ठेवा. मार्चमध्ये सगळ्यांनाच घाई असते आणि तेव्हा नव्या गटाकडे बघायला कुणाला वेळ नसतो.