अंगठा एकटा पुरत नाही

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये आता चिप बसवलेले ई-पासपोर्ट तयार होतात. असा पासपोर्ट हरवला तर तो रद्द करता येतो, नव्या क्रमांकाची दुसरी पुस्तिका मिळते आणि जुनी ज्याच्या हाती लागली असेल त्याला ती सीमेवर दाखवण्याची सोय राहत नाही. एटीएम कार्ड बंद करता येते, पिन बदलता येतो. बोटाचा ठसा मात्र बदलून मिळत नाही. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून सुमारे ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे चोरीला गेले. ते ठसे त्या माणसांसाठी जन्मभराचे गेले. ठशाने माणूस कोण आहे हे कळते, पण ठसा ही काही गुप्त ठेवता येण्याजोगी गोष्ट नव्हे. तरीही आपल्या बऱ्याच व्यवस्था त्याला पासवर्डाच्या जागी बसवतात, आणि सगळा धोका तिथूनच सुरू होतो.

ठसा किती उघडा असतो याचे पुरावे जुने आहेत. जपानमधील योकोहामा नॅशनल युनिव्हर्सिटीच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ मध्ये खाण्याच्या जिलेटिनची बोटे करून तेव्हाची अकरा ठसायंत्रे फसवून दाखवली. २०१३ मध्ये आयफोनला ठशाचे कुलूप आले आणि काही दिवसांतच जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लबने काचेवरच्या ठशापासून नकली बोट बनवून ते उघडले. आपल्याकडे एवढीही खटपट नको. दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदवताना अंगठ्याचे ठसे घेतले जातात आणि दस्ताच्या प्रती पुढे अनेक हातांतून फिरतात. २०१८ मध्ये तेलंगणात नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या जमिनीच्या दस्तांतून ठसे उचलून, रबरी शिक्के बनवण्याच्या पॉलिमरवर ते उतरवून त्यांच्या जोरावर सिमकार्डे सुरू केल्याचे उघडकीस आले. पुढे हीच युक्ती आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारांकडे, म्हणजे एईपीएसकडे वळली आणि निरनिराळ्या राज्यांत खाती रिकामी होऊ लागली.

मग फोनवरचा ठसा बऱ्यापैकी सुरक्षित आणि एईपीएसचा ठसा धोक्याचा, असे का? फोनमध्ये ठशाचा गणिती नमुना यंत्राच्या वेगळ्या, बंदिस्त भागात राहतो आणि पडताळणीही तिथेच होते. बँकेला ठसा मिळत नाही, फोनमध्ये दडलेल्या डिजिटल चावीची सही मिळते. काही वेळा ठसा चुकला की फोन पासकोड मागतो. बंद करून सुरू केला तरी आधी पासकोडच लागतो. म्हणजे चोराला तुमचे बोटही हवे आणि तुमचा फोनही. एईपीएसमध्ये आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट एवढ्यावर एका व्यवहारात दहा हजार रुपयांपर्यंत रक्कम निघते. आधारची झेरॉक्स आपण कुठे कुठे देऊन ठेवली आहे हे कोणाला आठवते? त्यामुळे उरते ते फक्त बोट. कागदाच्या जमान्यातसुद्धा दस्तावरची ‘निशाणी डावा अंगठा’ कधी एकटी नसे. शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या असत आणि नोंदणीच्या वेळी माणूस समोर उभा असे. यंत्र आले, आणि साक्षीदार गळाले.

यावर पहिला उपाय सुचतो तो यंत्र अधिक कडक करण्याचा. आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये ठशाच्या बारकाव्यांबरोबर बोटाची प्रतिमाही तपासून बोट जिवंत आहे की नकली हे ओळखणारी पद्धत आणली. ठसा यंत्राच्या आतच कूटबद्ध करणारी नवी एल-१ उपकरणेही आणली. दोन्ही पावले योग्य आहेत. पण नुसता कडकपणा वाढवत नेला की त्याची किंमत कोण मोजतो, हे निफाड-दिंडोरीत पाहावे. द्राक्षबागेत छाटणी, विरळणी आणि घड औषधात बुडवण्याची कामे करणाऱ्या, नंतर उन्हाळी कांद्याच्या काढणीला जाणाऱ्या मजूर बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्वचेला भेगा पडलेल्या असतात. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर तिचा ‘थंब लागत नाही’. ती बोट पदराला पुसते, पुन्हा ठेवते, मग दुसरे बोट ठेवते. जुळणीची अट जितकी घट्ट करावी तितकी खरी माणसे जास्त नाकारली जातात. सैल करावी तर खोटी आत शिरतात. हा त्या गणिताचाच गुण आहे, कोणतीही कंपनी तो पुरता घालवू शकलेली नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, आपल्याच नाशिक विभागात दिला गेला. ज्यांच्यापाशी ओळखीचा कागद नाही त्यांच्यासाठी ही योजना होती. तीच माणसे सुरक्षेच्या नावाखाली दारातून परत पाठवणे अन्यायाचे आहे.

म्हणून यंत्राला सगळा भार न देता बोटाच्या जोडीला रद्द करता येईल अशी एक वस्तू द्यावी. यावर आक्षेप येतो, की ज्यांच्याकडे फोन नाही, ज्यांना पिन लक्षात राहत नाही, त्यांच्यासाठीच तर अंगठा आणला. आक्षेप खरा आहे. ओटीपी सक्तीचा केला तर पेन्शन घेणारी म्हातारी माणसे अडकतील आणि पिन दिला तर तो एईपीएसचे यंत्र चालवणाऱ्या केंद्रचालकालाच सांगितला जाईल. पण साधे चिपचे कार्ड आणि बोट, पिन नाही, एवढे केले तरी पुरते. कार्ड सापडणाऱ्याकडे बोट नसते आणि परराज्यात सिलिकॉनचे बोट घेऊन बसलेल्याकडे कार्ड नसते. कार्ड हरवेल, हेही खरे. हरवलेले कार्ड दुसरे मिळते. आणि ज्यांनी एईपीएस कधी वापरलेच नाही, त्यांच्या खात्यांवर ही सोय मुळात बंद असावी, हवी त्याने शाखेत जाऊन सुरू करून घ्यावी. आज उलटे आहे: बायोमेट्रिक कुलूप आधार प्राधिकरणाच्या ॲपमध्ये आहे, पण ते लावायचे हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्याचा लाभ.

पैसे गेल्यावरची बाजू तर आणखी दुबळी. बँकेच्या नोंदीत ‘पडताळणी यशस्वी’ असे असते आणि खातेदाराला सांगितले जाते की अंगठा तुमचाच होता. नकली बोटाने केलेली पडताळणीही यशस्वीच दिसते, तेव्हा ही नोंद खातेदाराविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही; पैसे कोणत्या केंद्राच्या यंत्रावरून निघाले हे बँकेने दाखवावे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये अशा केंद्रचालकांची कसून पडताळणी करण्याचे निर्देश दिले, ते याच दिशेचे आहेत. तिच्याच २०१७ च्या परिपत्रकानुसार खातेदाराची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याने पैसे काढले, तर व्यवहाराची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या खातेदारावर जबाबदारी येत नाही. ज्याच्या खात्याला मोबाइल क्रमांकच जोडलेला नाही, त्याला ती माहिती पासबुक भरून घेतल्याच्या दिवशी मिळते. तीन दिवस त्या दिवसापासून मोजले गेले पाहिजेत.